समोरच्या दाराचे हप्ते

अगं, आमचे हे आणि समोरचे केतकर एकमेकांचं तोंड बघत नाहीत ना, त्यापायी काय झालं ते ऐक.

भांडण कशावरून, तर केतकरांचा चपलांचा स्टँड आमच्या दारात येतो म्हणून! त्यातच आम्हा दोघांची घराची कर्जं एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला दिली. आता हप्ता खात्यातून आपोआप कापला जावा म्हणून बँकेत पुन्हा अर्ज देणं आलं. नेमके हे आणि केतकर एकाच दिवशी नौपाड्यातल्या बँकेत, एकाच टेबलाशी. नव्या कंपनीकडून आलेली दोघांची पत्रं शेजारी-शेजारी. ह्यांची मान उजवीकडे, त्यांची डावीकडे. त्या नादात ह्यांनी कर्जाचा नवा नंबर उतरवला तो केतकरांच्या पत्रावरून, आणि केतकरांनी आमच्या! फ्लॅट सारखे, हप्ता सारखा, त्यामुळे वर्षभर कोणाला पत्ताच नाही.

शेवटी वर्षाच्या हिशेबात नावं आणि नंबर जुळेनात, तेव्हा बँकेने दोघांना फोन करून बोलावलं आणि घोळ सांगितला. घरी येताच हे केतकरांना म्हणाले, "आता तरी तो स्टँड माझ्या दारातून उचला."

"तुमचं दार?" केतकर म्हणाले. "वर्षभर त्याचे हप्ते मी भरलेत. माझा स्टँड माझ्याच दारात आहे!"

ह्यांनी काय केलं, आमचा स्टँड उचलला आणि केतकरांच्या दारात नेऊन ठेवला. "मग हा माझ्या दारात!"

हप्ते पुढच्याच महिन्यात सरळ झाले गं. चपला मात्र आम्ही अजून केतकरांच्याच दारात काढतो.