तिसऱ्या धुनेतली अडखळ

वहिनी : ह्या स्क्रूवरचं नेलपॉलिश तडकलंय, भावजी.

दीर : तुम्ही स्क्रूवर नेलपॉलिश लावलं होतं?

वहिनी : चारहींवर. मशीन उघडलंत तर कळायला नको?

दीर : न उघडता आतलं सॉफ्टवेअर काढणार कसं? चिप काढली, त्यातलं सगळं उतरवून घेतलं, पुन्हा बसवली. आता माझा कॉम्प्युटर स्वतःला दादाचं रिदम मशीन समजतो. बघा, पडद्यावर तीच बटणं.

वहिनी : आणि ह्यांच्या धुना?

दीर : आहेत की सगळ्या. मशीनचा डिस्प्ले गेलाच आहे, उद्या धुनाही गेल्या असत्या.

वहिनी : हे गेले त्याच आठवड्यात ह्यांचा वाजवायचा कीबोर्ड नेलात, तोही असाच काळजीपोटी. दोन वर्षं वाट बघतेय.

दीर : आणून देतो म्हटलं ना. आधी ऐका तर. कुठली लावू?

वहिनी : तिसरी.

(धून शेवटपर्यंत वाजते.)

वहिनी : ही ह्यांची नाही.

दीर : अहो, ठोका न् ठोका तोच आहे.

वहिनी : कुणीतरी धुऊनपुसून ठेवलीय. खरी कुणाला दिलीत? विकायचीय का?

दीर : वहिनी, दादा माझाही होता.

वहिनी : मग कान कुठे गेले तुमचे? अकरा वर्षं मी ही स्वयंपाकघरातून ऐकलीय. मध्येच सगळं क्षणभर गप्प होतं, मग ढोल येतो. तुमची सरळ धावत सुटलीय.

दीर : एक मिनिट. पहिला तुकडा संपून दुसरा लागतो, तिथे?

वहिनी : तिथेच.

दीर : मेलो. ती अडखळ माझ्याकडेही येत होती. मला वाटलं, माझ्याच प्रोग्राममध्ये चूक आहे. तीन आठवडे खपून काढून टाकली.

वहिनी : मशीन तिथे अडतं, हे ह्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ढोल त्यानंतर ठेवला. तेवढ्यात मान वर करून माझ्याकडे बघायचे, कशी जमलीय म्हणून.

दीर : प्रोग्रामची जुनी प्रत आहे माझ्याकडे. लावतो... हं, ऐका आता.

(धून वाजते, मध्येच क्षणभर थांबते, मग ढोल येतो.)

दीर : आली ना? आता पटलं?

वहिनी : कीबोर्ड रविवारी आणा. मशीन इथेच राहील, आणि स्क्रूंना मी पुन्हा नेलपॉलिश लावणार आहे.

दीर : लावा. बंद करू का हे?

वहिनी : नको. गप्प होतं ना, त्याच्या जरा आधीपासून पुन्हा लावा.