शून्यापासूनचे खांब

लेकीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण टपकन फरशीवर पडलं आणि दवाखान्यातली शांतता मोडली. ते उचलायला तिची आई वाकली, तेवढ्यात एक तरुणी धापा टाकत आली आणि शेजारच्या बाकावरच्या बाईंना बिलगली.

“ताई, वाचलो! आपल्या ऑफिसचं पाळणाघर बंद होत नाही!”

“खरं सांगतेस? साहेब तर टाळं लावायला निघाले होते.”

“माझ्याच रिपोर्टमुळे हो. हजेरीचा आलेख काढताना मी खांब शून्याऐवजी चाळीसपासून सुरू केले. सत्तेचाळीसची त्रेचाळीस मुलं झाली, पण चित्रात निम्म्याहून जास्त गळाल्यासारखी दिसली.”

“अगं बाई! आकडे नव्हते का घातलेस?”

“घातले होते की, खांबांवरच. पण साहेब वाचतात थोडेच? चित्र बघतात आणि सही ठोकतात.”

“मग?”

“आज शून्यापासून खांब काढून नेले. म्हणाले, ‘हे तर भरलेलं आहे, बंद कशाला करायचं?’”

“धन्य आहे! नातवाला कुठे ठेवायचं, या काळजीनं माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. रक्तदाब तपासायला आले खरी, आपोआपच उतरला असेल बघ आता!”

दोघी खळखळून हसल्या. लेकीला पोटाशी धरून तीही हसली.

“आई,” लेकीनं तिच्या कानाशी तोंड नेलं, “त्या साहेबांना वाचता येत नाही?”