चौथा कोण आला?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आदरणीय प्राचार्य, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, संस्थेतले शिक्षक आणि कर्मचारी, आजी-माजी विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या इंग्रजीच्या बाई, आणि पहिल्या रांगेत बसूनही शेवटच्या रांगेत असल्यासारखे दिसणारे त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, सर्वांना नमस्कार.

माझ्याआधी तिघे बोलले. बाईंना दीपस्तंभ म्हणून झालं, वटवृक्ष म्हणून झालं. माझ्यासाठी फारसं काही उरलेलं नाही आणि त्याची मला अडचणही नाही. मी कारखान्यात दाबमापकं तपासते. काटा जिथे थांबतो तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, ही माझ्या कामाची अट आहे. इथेही तीच पाळते.

बाई इथे आल्या तेव्हा हंगामी होत्या. दर वर्षी नेमणूक नवी. आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात रजेचा अर्ज होता, पाणी तुंबल्याची तक्रार होती. एवढ्या भांडवलावर यंत्रशाखेच्या मुलांनी जग जिंकायचं होतं. काकांचं रॅकेटला तारा ओढून देण्याचं दुकान. रॅकेटी गुंडाळायला त्यांच्याकडे जुन्या इंग्रजी क्रीडामासिकांचे गठ्ठे असत. बाईंनी एक दिवस त्यातला एक उचलून वर्गात आणला. काका आजही म्हणतात, "हिने माझे गुंडाळायचे कागद पळवले आणि त्यांवर नोकरी केली."

तर आम्ही इंग्रजी शिकलो ते आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या इतिहासातून. शंभरेक वर्षांपूर्वीची ती मॅरेथॉन आपल्यापैकी काहींना माहीत असेल. पहिला धावपटू स्टेडियममध्ये शिरला, भलत्याच दिशेला वळला, पुन्हा पुन्हा पडला. शेवटी अधिकाऱ्यांनी हात देऊन त्याला रेषेपार नेलं आणि तोच हात त्याला भोवला.

"पडला. इंग्रजीत?" बाईंनी विचारलं.

"फॉल डाउन, बाई," आमचा मॉनिटर.

"फॉल डाउन तू जिन्यावरूनही होतोस. याचे पाय धावत होते आणि तो स्वतः तिथे नव्हता. कोलॅप्स. आणि मदत घेतली म्हणून बाद झाला, ते?"

"आउट, बाई."

"क्रिकेट बंद कर. डिसक्वालिफाय."

अशीच एकाची पदकं काढून घेतली गेली, कारण पूर्वी त्याने दुसरा एक खेळ पैसे घेऊन खेळला होता. तिथे आम्हाला इनएलिजिबल, म्हणजे अपात्र, हा शब्द मिळाला. तो गेल्यावर अनेक वर्षांनी पदकं त्याच्या घरच्यांना परत मिळाली, तिथे रीइन्स्टेट. आम्ही शब्द पाठ केले नाहीत. कोणावर काय बेतलं ते लक्षात राहिलं आणि शब्द त्याला चिकटून आले.

पण बाईंची खरी पद्धत याच्या पुढची. कुठलीही शर्यत संपली की त्या विचारायच्या, "चौथा कोण आला?"

"बाई, मासिकात तिघांचेच फोटो आहेत."

"म्हणून तर विचारतेय. पहिल्या तिघांना 'ग्रेट' म्हटलं की भागतं. चौथ्यासाठी शब्द शोधावे लागतात."

मग तो चौथा घरी गेल्यावर आईला काय म्हणाला असेल, ते इंग्रजीत सांगायचं. रडायचं नाही आणि नशिबाला बोल लावायचा नाही, एवढे दोनच नियम.

या पद्धतीचा एक दोष होता. आमच्या तोंडी दुसरं इंग्रजीच नव्हतं. एका कारखान्यात प्रशिक्षणाला गेलेल्या आमच्या मित्राने अहवालात लिहिलं की दोन झडपा डेड हीटमध्ये संपल्या, म्हणजे शर्यतीत अगदी बरोबरीने. कारखान्याने संस्थेला विचारलं की तुम्ही तंत्रज्ञ तयार करता की समालोचक? झालं. तेव्हाच्या प्राचार्यांनी (आजच्या नव्हे, आपण निश्चिंत बसावं) ठरवलं की बाहेरचे परीक्षक येऊन तोंडी परीक्षा घेतील. शेवटच्या वर्षाला इंग्रजी घेतलेले आम्ही चौघेच. त्यातले तिघे तरी पास झाले पाहिजेत. नाही तर वर्ग बंद आणि बाईंची नेमणूकही पुढे नाही.

बाई शांत होत्या. धाबं दणाणलं होतं ते काकांचं. त्यांनी आम्हाला दुकानात बोलावलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि एक गाइड पुढे केलं.

"आता खेळ पुरे. यातलं 'बिघडलेलं यंत्र' घोकून टाका. हमखास येतं म्हणतात. आणि हिला कळू देऊ नका, मला घरात घेणार नाही."

काकांची माया खरी होती, पण गाइड एकच होतं. आणि त्यात बिघडलेलं यंत्रही एकच होतं.

परीक्षकांनी बाईंना बाहेर बाकावर बसवलं आणि आम्हा चौघांना प्रयोगशाळेत एका ओळीत. प्रश्न खरोखरच तो आला. पहिल्याने सांगितलं की एका रुग्णालयातला जनरेटर मंगळवारी दुपारी बंद पडला. परीक्षकांनी मान हलवली. दुसऱ्याचाही जनरेटर मंगळवारीच बंद पडला. तिसरा होता मॉनिटर. त्याने प्रसंगावधान राखून बुधवार केला, पण रुग्णालय तेच ठेवलं.

"त्या रुग्णालयात कोणी वाचलं का?" परीक्षकांनी विचारलं.

माझ्याकडेही तोच जनरेटर तयार होता. मात्र समोर कोपऱ्यात आमच्याच वर्गाने जाळलेला पाण्याचा पंप ठेवलेला होता. मी त्याच्याकडे बघून इंग्रजीत सांगितलं ते साधारण असं: हा सुरुवातीपासून आघाडीवर होता. वाढत्या तापमानाकडे त्याने दुर्लक्ष केलं आणि अंतिम रेषा दिसत असताना तो कोलॅप्स झाला. आम्ही हाताने फिरवून त्याला रेषेपार नेलं. त्यामुळे ती चाचणी डिसक्वालिफाय झाली, आणि ते योग्यच होतं. मग बेअरिंगचं कारण सांगितलं.

"हे कोणी शिकवलं?"

"ज्यांना आपण बाहेर बसवलंय त्यांनी, सर."

त्यांनी लिहिता लिहिता म्हटलं, "तुम्ही पास. हे तिघे नापास. पोपटपंचीला गुण नाहीत."

चौघांत एक पास. बाईंनी गाशा गुंडाळायचा तो इथेच. मी उभी राहिले आणि रेपेचाजबद्दल बोलायची परवानगी मागितली. कुस्तीच्या बातम्यांमुळे आज हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. आम्हाला तो नौकानयनाच्या एका जुन्या लेखात भेटला होता. पहिल्या फेरीत हरलेल्यांची आपसात आणखी एक शर्यत होते, आणि त्यातून काहींना परत वर येता येतं. मी परीक्षकांना तो इतिहास सांगितला. दया म्हणून ही सोय नाही, एका वाईट सकाळवरून माणूस जोखला जाऊ नये म्हणून आहे, असं म्हटलं.

"आमच्या नियमात हे नाही."

"शर्यतीच्या नियमातही ते कोणीतरी घातलंच असेल, सर."

ते तिघांकडे वळून म्हणाले, "गाइडमध्ये नसलेलं काहीतरी सांगा. स्वतः पाहिलेलं."

पहिल्याने वडिलांच्या शिवणयंत्राबद्दल सांगितलं. अडखळला, पण यंत्र त्याचं होतं. दुसऱ्याने वसतिगृहाच्या लिफ्टमध्ये अडकल्याचं सांगितलं, रीइन्स्टेट शब्द वापरून. दोघे पास. मॉनिटर पुन्हा नापास झाला. रेपेचाज म्हणजे हमी नव्हे. त्याने ती परीक्षा पुढच्या सहामाहीत दिली. आज या सभागृहाची ध्वनियंत्रणा तोच सांभाळतो आहे आणि माझा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो आहे, त्याअर्थी त्याचं बरं चाललं आहे.

बाहेर आलो तेव्हा बाई बाकावर नव्हत्या, दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या मला एवढंच म्हणाल्या, "बेअरिंगचं कारण आधी सांगायला हवं होतंस." मग मॉनिटरला म्हणाल्या, "चल, तुझ्यासाठी शब्द शोधू." काकांना त्या दिवशी घरात घेतलं की नाही, हे मला ठाऊक नाही. ते आज पहिल्या रांगेत आहेत, एवढीच नोंद करते.

एक गोष्ट मला इथे आल्यावर कळली. कार्यक्रमपत्रिकेत माझं भाषण आधी दुसरं होतं. बाईंनी ती बघून काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं म्हणे, पण एक बदल मात्र सांगितला. मला खाली, चौथ्या जागी ठेवलं. त्याचं कारण कोणी विचारलं नाही. मलाही विचारायची गरज वाटली नाही.

बाई, तुमच्यासाठी 'ग्रेट' हा शब्द वापरणार नाही. शोधते आहे.

संयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, याबद्दल आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेने मला खुशाल बाद ठरवावं. पुन्हा संधी कशी मागायची, ते मला शिकवलेलं आहे.