महबूबभाईला कांजिण्या येऊन गेल्या होत्या का?

...आन् मला सांगा, पन्नाशीतल्या माणसाला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या का न्हाय, हे पोरीच्या लग्नात, भर शादीखान्यात, बिर्याणीचं झाकण उघडायच्या टायमाला शोधायची गोष्ट हाय व्हय? पण आमच्या शेजारच्या महबूबभाईवर ती पाळी आली, तुमाला सांगतो!

महबूबभाई म्हंजे टेलर. सफारी शिवावी तर त्यानंच! पण संधिवातानं बोटं अशी आखडली की कात्री धरवंना, शर्टाचं बटनसुद्धा बायकोनं लावायचं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी ते बायोलॉजिक इंजेक्शन चालू केलं, आन् बोटं मोकळी झाली की हो! जोयाचा, म्हंजे पोरीचा, लग्नाचा पोशाख त्यानं सोत्ता शिवला. पण बाईंनी बजावलेलं, "महबूबभाई, तुमची प्रतिकारशक्ती म्हणजे राखणीचं कुत्रं; ते मालकालाच चावत होतं, म्हणून त्याला गुंगी दिलीय. आता चोर आला तर ते भुंकणार नाही. कांजिण्या, नागीण, असल्या पेशंटपासून लांब राहायचं. गर्दी टाळायची."

गर्दी टाळायची! पोरीच्या बापानं! जो येईल त्याच्या गळ्यात पडायचं त्यानं, एकदा हिकडनं, एकदा तिकडनं... बिचारा मास्क लावून दारात उभा, तर लोक मास्क खाली ओढून बघायचे, "अरे, महबूबच है क्या?"

तेवढ्यात जेऊरची फुफी, म्हंजे महबूबभाईची आत्या, आली, कडेवर नातू. पोरगं झेपावलंच ह्याच्याकडं! ह्यानं घेतलं, मुका घेतला, पोराची टोपी सरकली... आन् कपाळावर पाण्यानं भरलेले फोड!

"कुछ नै रे, माता निकली है," फुफी हसत म्हनली. माता म्हंजे कांजिण्याच की!

महबूबभाईचं तोंड पांढरंफटक! पोराला धरायचं का खाली ठेवायचं, सुचंना. मला वढत बाहेर आला, डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी एकच इचारलं, "लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या का?"

"आन् नसल्या तर?"

"तर ह्या इंजेक्शनवर असताना फुफ्फुसापर्यंत जाऊ शकतात. घरी विचारा, आणि रक्त द्यायला आत्ताच या."

आता इचारायचं कुणाला? आई, सरदारबी, पयल्या रांगेत खुर्चीवर. "अम्मा, मला कांजिण्या येऊन गेल्या होत्या का?"

"आको गयी ना! मैं माँ है तेरी, मेरेकू नै मालूम तो किसकू मालूम?"

येऊन गेल्यात म्हंजे सुटलो, म्हनतोय तवर फुफी, "नै भाभी, वो गौसकू आयी थी!" गौस म्हंजे थोरला भाऊ. त्यो पान चघळत, "मला? मला तर गोवर आला होता!" मंग काय! मामू म्हनतंय कांजिण्या, चाची म्हनती गालगुंड, एक जण तर शर्ट वर करून सोताचेच वण दाखवाय लागला. नवरदेव तिकडं ताटकळतोय, आन् हितं सगळा शादीखाना एकच घोकतोय, कांजिण्या येऊन गेल्या होत्या का न्हाय?

आन् मंग महबूबभाई आईम्होरं खाली बसला. हळूच म्हनला, "अम्मा, पक्का बोल. मेरेकू जीना है."

सरदारबीलाबी ठाऊक नव्हतं हो... नुस्ता त्याचा हात घट्ट धरून बसली.

मंग शेरवानीतला पोरीचा बाप माझ्या स्कूटरवर मागं! लॅबवाला इचारतोय, "उपाशीपोटी आलाय का?" अरे, बिर्याणी टाकून आलोय बाबा! रक्त दिलं, परत आलो, पोरीची पाठवणी केली. रडला किती, पण ते जोयासाठी का सोतासाठी, ते त्यालाच ठाऊक.

रिपोर्ट आला. न्हाय! कांजिण्या कवाच आल्या नव्हत्या! लगेच गोळ्या चालू, इंजेक्शन बंद. बोटं परत आखडली. रोज सकाळी सदरा काढून माझ्याम्होरं उभा, "बघ की, पाठीवर काय हाय?" डास चावलेला असायचा, पण मी दोन-दोनदा बघायचो! दिवस मोजत मोजत बाईंनी सांगितलेली मुदत टळली. एक फोड न्हाय! बाई म्हनल्या, "गोळ्या वेळेवर मिळाल्या. आता इंजेक्शन परत सुरू करू."

घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. सरदारबी तवा अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हनली, "देखा? मैं बोली थी ना, तेरेकू आको गयी! खालीपिली इत्त्या गोल्या खाया!"

मी तोंड उघडणार, तर महबूबभाईनं माझा हात दाबला आन् म्हनला, "हौ अम्मा."

खरंय हो... एवढ्या मुश्किलीनं वाचलेला जीव आईशी वाद घालण्यात कुणी घालवावा!