दुसऱ्या भागातलं नाक

सोलच्या एका प्लास्टिक सर्जरीच्या दवाखान्यात कादंबरीकार योंग-सुक, डोळे मोठे दिसावेत म्हणून, पापण्यांना घडी पाडून घ्यायला आली होती. तोंडावर मास्क होता, म्हणून शेजारच्या मावशी-भाचीने तिला ओळखलं नाही. भाचीच्या मांडीवर योंग-सुकच्याच कादंबरीचा नवा, दुसरा भाग होता.

"लोक डॉक्टरांना नटीचा फोटो दाखवतात गं, दान-बी! तू पुस्तक दाखवणारेस?"

"मला यातल्या नायिकेचं, सो-आचंच नाक हवंय, मावशी. ऐक. 'पहिल्या बर्फात न्हालेल्या डोंगरकड्यासारखं तिचं सरळ नाक...'"

"डोंगरकडा! मग सर्दी झाली की दरड कोसळते का?"

"मावशी!"

"बरं, डोळे कसे आहेत बयेचे?"

"चांदणं साठवलेली तळी."

"अगं बाई! आणि ओठ?"

"ओठांना अख्खं पान दिलंय."

"देणारच. गोष्ट सुचेना की बसायचं रंगरंगोटी करत. पहिल्या भागातही असंच होतं? तो तर तू जेवण सोडून वाचत होतीस."

"पहिल्या भागात तिच्या चेहऱ्याबद्दल एक ओळ नव्हती."

"मग तिचं नाक कसं होतं?"

"माझ्यासारखं."

"बसकं?"

"हो. वाचताना मला तसंच दिसायचं. बसकं, आणि छान."

"मग आता काय बिघडलं?"

"आता लेखिकाबाईंनी लिहिलं ना, खरं कसं होतं ते."

"भेटू दे ती भवानी एकदा! तिच्याच पुस्तकाने तिचं नाक बसकं करते की नाही बघ!"

आतून परिचारिकेने योंग-सुकचं नाव पुकारलं.

कुणीच उठलं नाही.