अमोलच्या हातची धार

(अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला पत्राकामाचा गाळा. खंडेराव आणि त्यांची सून निकिता.)

खंडेराव : ग्राइंडर बंद कर आधी! हातात अमोलचा ड्रिलचा बिट हाय तुझ्या.

निकिता : केला बंद. नाना, त्याचं मधलं टोक बोथट झालंय. पत्र्यावर धरला की सरकतो.

खंडेराव : मग दुसरा लाव. डबा भरून पडलेत.

निकिता : ते जाड लोखंडासाठीचे, निमुळते. पातळ पत्र्यात टोक आरपार जातं, धार वरच राहते. मग अडकतो. भोक तिकोनी पडतं, कडा उचलते. काल तर पत्राच गरगर फिरला.

खंडेराव : म्हंजी हाताला पट्टी त्याची? मला म्हणालीस, विळी लागली.

निकिता : खोटं बोलले. वाटलं, तुम्ही गाळ्याला कुलूप लावाल.

खंडेराव : लावणारच! पोरगा तापानं नेला, आता तुझी बोटं घालवू?

निकिता : आणि पिंपळगावच्या बायांची? दिवसभर ह्या भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये हात घालून द्राक्षं भरणार त्या. म्हणून तर तुमच्या मुलानं हा असा घासला. मधे एक टोक, कडांना दोन. कडा गोल कापत जातात, चकती अलगद सुटते.

खंडेराव : मला नको शिकवू. मागं उभा राहून बघायचो मी. दवाखान्यात नेला त्या सकाळी घासला त्यानं ह्यो. मग कशालाच हात लागला नाय त्याचा. तू दगडाला लावला, की ठिणग्यांत जाईल ते सगळं.

निकिता : मला कळत नाही का? पदराच्या गाठीत बांधून फिरतेय मी. पण ट्रे गेले नाहीत तर काम दुसरीकडे जाईल. गाळाच राहणार नाही त्यांचा.

खंडेराव : नवा आण. त्याला दे हा आकार.

निकिता : आणले. सगळे वाया घालवले. कोऱ्या बिटावर हाताला काही कळत नाही, नाना. ह्याच्यावर त्यांनी पाडलेला उतार आहे. त्याच उतारावर धरला तर कळेल, किती कलवायचा, कुठे थांबायचं. त्यांच्याकडून शिकायला एवढंच उरलंय माझ्याकडे.

खंडेराव : आन बिघडला तर?

निकिता : तर रडेन. आणि परत घासेन.

खंडेराव : ...चष्मा लाव त्याचा. खिळ्याला हाय बघ.

निकिता : लावते.

खंडेराव : थांब पोरी. आधी इकडं दे. एकदा बोट फिरवू दे.

निकिता : सावकाश, नाना. कडांना अजून धार आहे.