ओढ्यातून गेलेला कसावा

दवाखान्यापुढची रांग हलत नव्हती. लेकीला पाठीशी बांधून झुझी उभी होती. तिच्या पुढच्या दोघींच्या तोंडाला मात्र खळ नव्हता.

"काय गं मबांझा, सापडला का तुझा चोर?"

"कुठला सापडतोय! टोपलीभर कसाव्याचे कंद ओढ्यात भिजत घातले होते. एक रात्र होतेय तोवर उचलले मेल्यानं."

"कडू कसावा ना? त्याला तर माकडंसुद्धा तोंड लावत नाहीत."

"म्हणून तर शेतात तोच लावते! पण तीन रात्री पाण्यात राहिल्याशिवाय त्यातलं विष निघत नाही. काल संध्याकाळी गावभर ओरडत फिरले, 'नेलात तर नेलात, पण अजून दोन रात्री भिजवा!'"

"चोराचीच काळजी तुला!"

"त्याच्या घरी पोरं असतील की. दुष्काळात महिनाभर अर्धवट भिजवलेलं खाऊन माझ्या भाचीचे पाय गेले."

"मग, कुणी कबूल झालं?"

"कोण होतंय!"

झुझीच्या पाठीवर लेक पुन्हा ओकली.

"मावशी, तुम्ही ओरडायच्या आधीच शिजवलं असेल तर?"

मबांझानं वळून आधी झुझीकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"ए, वाट सोडा सगळ्यांनी! आधी हिला आत जाऊ द्या!"